यंत्र थांबतं तेव्हा

सकाळचे ९ वाजून २० मिनिटं झाली आहेत. बारामती एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये १०० टनी पॉवर प्रेस थांबली आहे. एका ब्रॅकेटची ऑर्डर पुरी झाली, आता तिच्यावर दुसरी डाय चढवायची आहे. प्रेसवरच्या फिटरला शेडमधली सगळी पोरं मामा म्हणतात. मामा हातमोजे काढतात, खाली बसतात आणि पाना लावतात. हात सवयीचा आहे. आठ मिनिटांत जुनी डाय सुटी होते.

आणि मग मामा नुसते उभे राहतात. डाय उचलायला चेन पुली हवी. शेडमध्ये ती एकच आहे आणि पलीकडच्या टोकाला पत्र्याची कॉइल उतरवण्यात गुंतली आहे. मामा दोनदा हाक मारतात, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन येतात. पुली येते तेव्हा पावणेदहा झालेले असतात. जुनी डाय खाली उतरते. नवी डाय मागच्या रॅकवर आहे, पण तिच्यापुढे दुसऱ्या दोन डाय ठेवलेल्या. त्या आधी बाजूला घ्यायच्या. दहा वाजून गेल्यावर नवी डाय प्रेसच्या बेडवर बसते. आता कळतं की तिची प्लेट जाड आहे आणि आधीचे बोल्ट तिला पुरत नाहीत. लांब बोल्ट शोधायला एक पोरगा भंगाराच्या पेटीत डोकं घालतो. ते मिळतात, पण त्याखाली द्यायच्या पट्ट्या मिळत नाहीत. त्या शेवटी वेल्डिंगच्या टेबलाखालून निघतात.

१० वाजून ४० मिनिटांनी पहिला नग पडतो. कडेला बर आहे. मामा नख फिरवून बघतात, मान हलवतात, पातळ शिम घालतात. दुसरा नग बरा, तिसरा चांगला. पण पहिला चांगला नग क्वालिटीच्या माणसाने पास केल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, हा इथला नियम आहे आणि तो योग्यच आहे. क्वालिटीचा माणूस मात्र एका तक्रारीपायी चाकणला गेला आहे. फोन होतो. दुसरा मुलगा गेज घेऊन येतो, तपासतो, फोटो पाठवतो, उत्तराची वाट बघतो. अकरा वाजून पाच मिनिटांनी प्रेसचा ठोका पुन्हा सुरू होतो.

मी भिंतीशी उभा राहून हे टिपून घेतलं आहे. मालकांनी परवानगी दिली आहे, अट एवढीच की शेडचं नाव छापायचं नाही. एकूण १०५ मिनिटं गेली. त्यात मामांचे हात प्रत्यक्ष चालत होते ते जेमतेम अर्धा तास. ही प्रेस मिनिटाला दहा-बारा नग देते, म्हणजे हजारावर नग आज सकाळी झालेच नाहीत. संध्याकाळी कामगारामागे किती माल निघाला याचा हिशेब होईल तेव्हा तो आकडा मामांच्या आणि त्या पोरांच्या नावावर कमी दिसेल.

उत्पादकतेचा विषय निघाला की पुण्या-मुंबईच्या सभागृहांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: आपला कामगार हलत नाही, चीनचा बघा, व्हिएतनामचा बघा. मला हे वाक्य असह्य होतं. मामा हलत होते. पुली येत नव्हती.

डाय बदलण्याच्या या वेळेवरच जपानमध्ये एका माणसाने आयुष्य घातलं. शिगेओ शिंगो त्याचं नाव. १९६९ मध्ये टोयोटाच्या कारखान्यात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत होते. शिंगोने आधी ती वेळ ९० मिनिटांवर आणली आणि मग काही महिन्यांत ३ मिनिटांवर. त्यासाठी त्याने कुणाला पळायला लावलं नाही. प्रेस चालू असतानाच करून ठेवता येतील अशी कामं आणि प्रेस थांबल्यावरच करता येतात अशी कामं त्याने वेगळी केली. नवी डाय आधीच प्रेसशेजारी आणून ठेवायची. सगळ्या डायच्या प्लेटा एकाच जाडीच्या करायच्या, म्हणजे बोल्ट तेच चालतात. पाना एका ठरलेल्या खिळ्यावर टांगायचा. यातलं काहीही बारामतीत अशक्य नाही, आणि त्याला मोठं कर्जही लागत नाही.

मग होत का नाही? मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये चहा येतो तेव्हा मी हेच विचारतो. ते चिडत नाहीत. स्वतः डिप्लोमा झालेले आहेत, वडिलांची शेतजमीन गहाण टाकून पहिली प्रेस घेतलेली आहे. म्हणतात, "सर, शिंगो मला माहीत आहे. पण उद्या कोणता पार्ट पाठवायचा हे मला आज संध्याकाळी कळतं. आठवड्याचं शेड्यूल येतं आणि तीनदा बदलतं. मग मी डाय कोणती आधी काढून ठेवू?" दुसरी गोष्ट पैशांची. लहान उद्योगांचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं, असा कायदा २००६ पासून आहे. त्यांचं बिल कधी साठ दिवसांनी येतं, कधी नव्वद. दुसरी चेन पुली घ्यायची रक्कम मोठी नाही, पण ती ज्या महिन्यात हातात असते त्या महिन्यात कॉइलचा पुरवठादार दारात असतो. तिसरी गोष्ट माणसांची. आयटीआयचा मुलगा इथे शिकतो, हात बसतो आणि मोठ्या कंपनीत ट्रेनी म्हणून जातो. "त्याला अडवू कसा? माझा स्वतःचा मुलगा असता तर मीही त्याला जा म्हणालो असतो."

शेडमधून बाहेर पडलं की दुसरं जग लागतं. याच एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. आपे रिक्षा इथे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तयार होते, २०१२ पासून व्हेस्पाही. रस्त्यावर रिक्षांनी भरलेला ट्रक वळण घेतो आहे. पुढे फेरेरोचा कारखाना. २०११ पासून किंडर जॉय आणि टिकटॅक इथून निघतात. भारत फोर्ज आहे, श्रायबर डायनामिक्सची डेअरी आहे. अशा कारखान्यांत आत जाणारी मुलं मोरगावची, माळेगावची, कटफळची, भिगवणची. मामांच्या शेडमधली पोरंही त्याच गावांची, काही तर एकाच आयटीआयच्या एकाच बॅचची. इकडचा मुलगा तिकडे गेला की महिनाभरात त्याच्या हातून निघणारा माल कित्येक पटींनी वाढतो. माणूस तोच राहतो. बदलतं ते त्याच्या पुढचं यंत्र, मागचं स्टोअर आणि डोक्यावरचं शेड्यूल.

देशादेशांतल्या उत्पादकतेच्या दरीचे तक्ते करणारे अर्थतज्ज्ञ या गोष्टीपर्यंत आकड्यांच्या वाटेने पोचले आहेत. चांग-ताई शे आणि पीटर क्लेनो यांनी २००९ मध्ये चीन आणि भारताचे कारखाने तपासले. एकाच उद्योगातल्या कारखान्यांमध्ये भांडवल आणि मजूर यांची वाटणी अमेरिकेत जितकी बरी आहे तितकी झाली, तर चीनची उत्पादकता ३० ते ५० टक्के आणि भारताची ४० ते ६० टक्के वाढेल, असं त्यांनी दाखवलं. याच दोघांचं नंतरचं काम मला जास्त अस्वस्थ करतं. अमेरिकेतला ४० वर्षं जुना कारखाना नव्या कारखान्याच्या सातपट माणसांना काम देतो. भारतात आणि मेक्सिकोत टिकून राहिलेला कारखाना तेवढ्याच काळात फार तर दुप्पट होतो. मामांच्या शेडला या भागात वीसेक वर्षं झाली आहेत. तेव्हा दोन प्रेस होत्या, आज पाच आहेत, आणि चेन पुली तेव्हाही एक होती.

बारा वाजता मी हायटेक टेक्स्टाइल पार्कमधल्या एका शिलाई युनिटमध्ये आहे. मशीनच्या ओळीत सगळ्या बायका. कुणी बसने आल्या आहेत, कुणाला नवऱ्याने मोटरसायकलवरून सोडलं आहे. कॉलर एकीकडे, बाही दुसरीकडे, बटणपट्टी तिसरीकडे. डोकं वर न करता हात चालतात. ओळीच्या टोकाला पांढरा फळा आहे. दर तासाचं टार्गेट, दर तासाला झालेले पीस, आणि तिसरा रकाना: कारण. ९ ते १० टार्गेट ६०, झाले ४७. १० ते ११ टार्गेट ६०, झाले ५१. कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

सुपरवायझर मुलगी पंचविशीची आहे. मी तिला विचारतो, नऊ ते दहात काय झालं? ती लगेच सांगते, "बंडल उशिरा आलं कटिंगवरून. आणि सात नंबरच्या मशीनची सुई तीनदा तुटली, कापड जाड आहे ना." मग हे फळ्यावर का नाही? ती हसते. "लिहिलं तर कटिंगवाले म्हणतात आमचं नाव लावलं. आणि वरचे फक्त दुसरा रकाना बघतात." सगळी माहिती तिच्याजवळ आहे. ती मागायला कुणी येत नाही.

या कोऱ्या रकान्यामागे मराठी माणसाच्या आठवणीतला एक मोठा इतिहास उभा आहे. १९१० च्या आसपासच्या सूतगिरण्यांचा हिशेब ग्रेगरी क्लार्क यांनी मांडला आहे: न्यू इंग्लंडमधला एक कामगार भारतातल्या, चीनमधल्या, ग्रीसमधल्या किंवा जपानमधल्या जवळजवळ सहा कामगारांइतकं काम करत होता. म्हणजे त्या वेळी मुंबई आणि जपान एकाच पायरीवर होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जपान पुढे निघून गेला. १९२४ मध्ये तिथे टोयोडांचा स्वयंचलित माग आला. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, म्हणून एक विणकर तीसहून अधिक माग सांभाळू शकत होता. तिथल्या गिरण्यांत कोवळ्या मुलींना वसतिगृहात कोंडून राबवलं जायचं, हेही त्या प्रगतीच्या खात्यावर मांडायलाच हवं. मुंबईत मालकांनी काय केलं? यंत्रात फारसा बदल न करता माणसामागचे माग वाढवायला घेतले. दोनाऐवजी तीन माग सांभाळा, असा हुकूम आला आणि १९२८ मध्ये दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर गेले. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. त्या संपाला प्रगतीचा विरोध म्हणणारे लोक मला भेटतात. कच्चं सूत तेच, तुटणारा धागा तोच, फक्त माणसाने जास्त धावायचं, याला कामगारांनी नाही म्हटलं. माझ्या मते त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

दुपारी इंदापूरच्या रस्त्याला लागतो. काटेवाडी मागे पडते. सणसरला भवानीनगर, छत्रपती साखर कारखान्याचं गाव. मग बेलवाडी, लासुर्णे. हाच तुकोबांच्या पालखीचा रस्ता. आषाढात इथे वारकरी असतात, आता उसाच्या गाड्या आहेत. दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे लाल फडकं बांधलेलं. बैलगाड्या, टायरगाड्या. इंदापूर तालुक्यात कर्मयोगी आहे, नीरा-भीमा आहे, शेटफळगढ्याला बारामती अ‍ॅग्रो आहे. मी ज्या कारखान्यावर थांबतो त्याचं नाव इथे लिहीत नाही. जे दिसतं ते यातल्या कुठल्याही कारखान्यावर, किंबहुना राज्यातल्या कुठल्याही कारखान्यावर दिसलं असतं.

मिल हाउसमध्ये पाय ठेवला की जमीन थरथरते. गव्हाणीतून ऊस वर चढतो, लेव्हलरखालून जातो, फायबरायझरमध्ये त्याचा भुसा होतो आणि तो उंच च्यूटमधून पहिल्या मिलच्या रोलरांत पडतो. गोडसर, आंबूस, गरम वास. या कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला साडेसात हजार टन. म्हणजे तासाला ३०० टनांहून जास्त ऊस या रोलरांतून गेला पाहिजे.

तीन वाजून दहा मिनिटांनी आवाज बदलतो. कंट्रोल रूममध्ये लाल दिवा. शिफ्ट इंजिनिअर धावत बाहेर येतात. च्यूट चोक झाला आहे. उसाबरोबर वाढं आणि पाचट जास्त आलं की तो असा तुंबतो. केन कॅरिअर थांबवला जातो. मिल फिटर आणि दोन हेल्पर लोखंडी पहारी घेऊन वर चढतात आणि तुंबलेला भुसा टोचून मोकळा करू लागतात. घामाने त्यांचे गणवेश पाठीला चिकटले आहेत. कुणी ओरडत नाही, कुणी गोंधळत नाही. पुली इथे जागेवर आहे, पहारी जागेवर आहेत, टॉर्च जागेवर आहे. ३ वाजून ५२ मिनिटांनी मिल पुन्हा फिरते. इंजिनिअर घड्याळ बघून रजिस्टर उघडतात आणि लिहितात: किती वाजता थांबली, किती वाजता सुरू झाली, कारण काय. एकूण ४२ मिनिटं.

मी ते रजिस्टर मागून चाळतो. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक थांबा नोंदलेला आहे. यांत्रिक, विद्युत, ऊस नाही, साफसफाई, पाऊस. प्रत्येकाचा वेगळा रकाना. हा आकडा रोजच्या अहवालात जातो, कार्यकारी संचालकांच्या टेबलावर जातो, संचालक मंडळापुढे जातो, शेवटी सभासदाच्या हातातल्या वार्षिक अहवालात छापला जातो. शिलाई युनिटच्या फळ्यावर जो रकाना कोरा होता तो इथे भरलेला आहे. त्याचं कारण सरळ आहे. साखर कारखान्यात थांबलेल्या मिनिटाची किंमत शेतकऱ्याच्या बिलात दिसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरला आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जास्त. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटते, उतारा घसरतो. म्हणून सभासद सर्वसाधारण सभेत उभा राहून विचारतो, मिल इतके तास बंद का होती? विचारणारा आहे म्हणून लिहिणारा आहे.

कारखान्याच्या आत हे इतकं चोख. मी गेटबाहेर येतो.

बाहेर यार्डात गाड्यांच्या रांगा लागल्या आहेत. ती ४२ मिनिटं आता इथे येऊन उभी आहेत. बैलगाडीच्या सावलीत एक जोडपं बसलं आहे, बीड जिल्ह्यातलं. उसाच्या भाषेत हे दोघं मिळून एक कोयता. बाई भाकरीचा तुकडा मोडून लेकराच्या हातात देते. मी विचारतो, ताई, कधीपासून नंबर लावलाय? "सकाळच्याला तोडलं, दुपारच्याला आलो. आता कवा आत घेतील काय ठावं, भाऊ. रातच्याला पुन्हा फडात जायाचंय." नवरा बैलांपुढे वाढं टाकतो. रांगेत घालवलेल्या तासाचे त्यांना काही मिळत नाही. मजुरी टनावर आहे. उन्हात उभा ऊस वाळतो आणि काट्यावर येईपर्यंत वजन घटतं, ते नुकसानही त्यांच्याकडे येतं.

एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. मिल एक तास थांबली की ३०० टन ऊस अडतो, म्हणजे दीडशे कोयत्यांची दिवसभराची मेहनत यार्डात उभी राहते. मिल थांबल्याची नोंद रजिस्टरमध्ये आहे. या बाईच्या थांबण्याची नोंद कुठेच नाही. तोड किती वाजता झाली, गाडी किती वाजता आली, काट्यावर किती वाजता चढली, यातल्या पहिल्या वेळेची पक्की नोंद ठेवणारा माणूस मला अख्ख्या यार्डात भेटत नाही. चिटबॉयच्या चिठ्ठीवर तारीख आहे, तास नाही. या मजुरांचे दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढले. ती वाढ लढून मिळालेली आहे. पण दर टनाचा वाढला. वाट बघण्याचा दर अजून शून्यच आहे.

ब्राझीलचं नाव इथे निघतंच. साओ पावलो राज्यात ऊस जाळून हाताने तोडण्याची पद्धत २००७ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने संपली आणि आज जवळजवळ सगळी तोडणी हार्वेस्टरने होते. तिथे गाळप साधारण एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत चालतं. आपल्याकडे राज्याचा हंगाम चार महिने नीट चालला तरी बरा म्हणायचा. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात ११० लाख टनांच्या आसपास साखर झाली, पुढच्याच हंगामात ती ८१ लाख टनांच्या घरात आली. ऊस कमी, उतारा कमी, आणि कारखान्यांची क्षमता मात्र दरवर्षी वाढवलेली. हंगाम मग आणखी लवकर आटोपतो. शेकडो कोटींची यंत्रं वर्षातले आठ महिने उभी. दर कामगारामागे साखर किती, हा प्रश्न विचारताना आधी त्याच्यापुढचं यंत्र वर्षातून किती दिवस फिरतं हे विचारावं लागेल.

आणि हार्वेस्टर? सणसरच्या पुढे एका शेतात तो चालताना दिसतो. रुंद सरीच्या, लांब पट्ट्याच्या रानात तो एका दिवसात कित्येक कोयत्यांचं काम करतो. पण शेजारचंच रान वीस गुंठ्यांचं आहे, सरी अरुंद, बांधावर बाभळी. तिथे त्याला वळायलाही जागा नाही. शेतकरी सांगतो, "२६५ लावलाय, वजन चांगलं पडतं." कारखान्याचा शेतकी अधिकारी मला वेगळं सांगतो: उताऱ्यासाठी त्याला ८६०३२ हवा आहे. उसाच्या या दोन वाणांमध्ये एकाचा हिशेब टनाचा आणि दुसऱ्याचा साखरेचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि उत्पादकता त्या दोघांच्या मधल्या बांधावर अडकून पडली आहे.

जंक्शन गावाशी रस्ता विचारून मी वालचंदनगरला पोचतो तेव्हा ऊन उतरलेलं आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात इथे ऊस आणि साखर कारखाना उभा केला. कारखान्याची यंत्रं दुरुस्त करायला वर्कशॉप हवं होतं. त्या वर्कशॉपच्या परंपरेतून साखर कारखान्यांची अख्खी यंत्रसामग्री बनवणारा उद्योग वाढला. इथली यंत्रं आफ्रिकेत गेली. १९७० च्या दशकापासून इस्रोशी नातं जुळलं. चांद्रयान-३ ज्या रॉकेटवरून १४ जुलै २०२३ ला गेलं त्याच्या मोठ्या बूस्टरचे भाग इथे घडलेले आहेत. उसाच्या रानात, जिथे शेजारच्या निमगाव केतकीत पानमळे आहेत, तिथे.

चहाच्या टपरीवर एक निवृत्त टर्नर भेटतात. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. बोटं जाड, नखांत अजून काळं. मी त्यांना सकाळच्या प्रेसची गोष्ट सांगतो. ते शांतपणे ऐकतात. "आमच्याकडे मोठा जॉब लेथवर चढायच्या आधी दोन दिवस तयारी चालायची. टूल कोणतं, ते कुठं ठेवलंय, ड्रॉइंग कुठलं, पहिलं माप कोण घेणार. सगळं लिहून जॉबसंगं कागद फिरायचा. जॉब बिघडला तर लाखाचं नुकसान, म्हणून सगळे जपायचे." थोडं थांबून म्हणतात, "ब्रॅकेट बिघडला तर पाच रुपयाचं, म्हणून कुणी जपत नाही. पण असे हजार झाले की पाच हजार होतात की."

आण्णांचा मुलगा पुण्याला आहे. पुतण्या बारामती एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये आहे.

आण्णांनी जे सांगितलं ते खरं आहे का, हे आपल्याच देशात एकदा मोजून बघितलं गेलं आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या १७ कंपन्यांच्या २८ कापड कारखान्यांत हा प्रयोग केला; तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार दिले. सल्ला साधाच होता: माग का थांबला ते लिहा, कापडात दोष कुठे आला ते लिहा, सुताचा साठा मोजून ठेवा, जमीन साफ ठेवा, रोज सकाळी त्या नोंदींवर बोला. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नंतर काही वर्षांनी तेच संशोधक परत आले, तेव्हा सुचवलेल्या सवयींपैकी अर्ध्याच्या आसपास सुटून गेल्या होत्या. तरीही ते कारखाने इतरांच्या पुढेच होते.

यात सरकारच्या वाट्याचं काम वेगळं आहे आणि ते टाळता येणार नाही. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने २०२२ पर्यंत कारखानदारीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. तो आजही सहाव्या हिश्श्याच्याच आगेमागे आहे. लहान कारखान्याचं बिल ४५ दिवसांत मिळालं, मोठ्या कंपनीने आठवड्याचं शेड्यूल दिलं आणि ते पाळलं, तर मामांच्या मालकांना शिंगो वापरता येईल. तोपर्यंत त्यांना दोष देणं मला जमणार नाही.

पण बारामतीतल्या आणि इंदापूरच्या लोणी देवकरमधल्या शेडवाल्यांना, शिलाई युनिटच्या व्यवस्थापकांना आणि साखर कारखान्यांच्या संचालकांना माझी एक विनंती आहे, आणि ती उद्याच्या पहिल्या पाळीपासून करता येण्यासारखी आहे. यंत्राशेजारी एक वही बांधा. यंत्र किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं आणि कशामुळे थांबलं, हे ज्याच्या हातात यंत्र आहे त्यानेच, मराठीत लिहायचं. कुणाचं नाव आलं म्हणून कुणावर कारवाई करायची नाही. आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः ती वही कामगारांसमोर वाचायची आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं एक कारण त्या आठवड्यात दूर करायचं. साखर कारखान्यांनी एवढंच करावं की तोडीची वेळ चिठ्ठीवर लिहावी आणि ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबलेल्या कोयत्याला त्या थांबण्याचे पैसे द्यावेत. आणि जिथे माल वाढेल तिथे वाढीचा हिस्सा मामांच्या पगारात दिसू द्या. तो दिसला नाही, तर वही पुढच्या महिन्यात कोरी राहील.